सहा मीटर

एल्झाला शाळेतून तक्ता भरायला दिलाय.
डावीकडे लाटव्हिया, उजवीकडे एस्टोनिया,
मधे पट्टी लावून मारलेली रेघ.
"आजोबा, तुम्ही जमिनी मोजायचात ना?
मग सांगा."

सांगतो.
आपण चौसष्ट हजार चौरस किलोमीटर, वर थोडी चिल्लर.
ते पंचेचाळीस.
माणसं आपण एकोणीस लाखांच्या आतबाहेर,
ते तेरा-चौदा.
दोन्हीकडे निम्मं जंगल,
म्हणजे खरं तर लांडग्यांना विचारायला हवं
कोणाचा देश मोठा.
बेटं त्यांच्याकडे दोन हजारांवर,
आपल्या समुद्रात नाव घेण्यासारखं एकही नाही.
"एकही?" एल्झा खोडरबर शोधते,
जणू चूक मीच केली आहे.

सर्वांत उंच जागा:
आपली तीनशे बारा मीटर, त्यांची तीनशे अठरा.
हे मला झोपेतून उठवलंत तरी सांगता येईल,
सदतीस वर्षं जेवताना ऐकलंय.
तुझी आजी माइमू पलीकडची.
भांडताना आवाज चढवायची नाही,
राईच्या पावाचा तुकडा मोडत नुसतं म्हणायची,
"सहा मीटर."
मी म्हणायचो, अगं, नावच अंड्याचा डोंगर,
त्याचा काय तोरा!
आणि आम्ही आमच्यावर मनोरा बांधलाय.
ती म्हणायची, मनोरा आमच्यावरही आहे.
पुढे आमचा मनोरा धोक्याचा ठरला, पाडला.
त्या दिवशी ती काही बोलली नाही.
बटाटे मात्र दोनदा वाढले.

लग्नाच्या फोटोत मी विटेवर उभा आहे.
वीट फोटोत आलेली नाही.
तिचं हसू आलंय.

गाव एकच. आपल्या बाजूला वाल्का, त्यांच्या बाजूला वाल्गा,
एका अक्षराचा फरक,
पण मधली काही वर्षं त्या अक्षरावर अडसर होता,
अडसराशी खुर्ची, खुर्चीवर शिक्केवाला.
बहीण लाइने हाकेच्या अंतरावर राहायची.
तिला मशरूमचं लोणचं पोचवता पोचवता
माइमूच्या पासपोर्टची पानं संपली.
अडसर निघाला त्या डिसेंबरात
आम्ही दोघं उगाच चारदा पलीकडे जाऊन आलो.
कोणी काही विचारलं नाही,
तर मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बरणीत बघ, जुनी नाणी आहेत.
मासा असलेलं आपलं. तीन सिंह असलेलं तिचं.
दोन्हींचं आता काही येत नाही.

भाषा लिही.
या दोघी शेजारणी, पण नात्यातल्या नव्हेत.
पावाला आपण माइझे म्हणतो, ते लेइब.
विभक्ती आपल्याकडे सात, त्यांच्याकडे चौदा.
मी नवव्या-दहाव्याशी कायम घसरायचो.
तिला 'तो' आणि 'ती' मिळून एकच शब्द पुरायचा.
आणि भविष्यकाळ तिच्या भाषेत नाहीच.
परवाची गोष्टही ती
समोर टेबलावर ठेवल्यासारखी सांगायची.

वाल्गाच्या दवाखान्यात म्हणाली,
"उद्या घरी येते."
वर्तमानकाळात.
मी माझ्या भाषेत म्हटलं, "न्यायला येईन."
आपल्याकडे भविष्यकाळ आहे, एल्झा,
चांगला ठणठणीत, व्याकरणात शिकवतात.

"हे कुठल्या रकान्यात?"
नको, हे नको लिहू. भाषा झाली. पुढे काय आहे?

पुढे 'इतर' आहे.
एल्झा पेन्सिलीचं टोक चावते,
खिडकीबाहेर बघते, माझ्याकडे बघते.
मग वाकून अगदी सावकाश लिहायला घेते: आजी
आणि हात रेघेवर थांबवून विचारते,
"कुठल्या बाजूला?"